पोटातला सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतून काढताना: ईएमआर की ईएसडी?

जानेवारीच्या शेवटी माझ्या जठरात कॅन्सर असल्याचं कळलं आणि मार्चच्या मध्यात तो दुर्बिणीतूनच काढला. पोटावर एकही टाका पडला नाही आणि जठर जागच्या जागी राहिलं. मधल्या काळात आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं ते ‘ईएमआर की ईएसडी’ या एका प्रश्नानं. जठराच्या अस्तरातला कॅन्सर दुर्बिणीतून कापून काढण्याच्या या दोन पद्धती: एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन आणि एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन. दोन्ही नावं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो आणि निर्णय मात्र लवकर घ्यायचा होता. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला आहे, त्यांच्यासाठी सगळं घडलं त्या क्रमानं लिहिते आहे.

सुरुवात साधी होती. हिमोग्लोबिन कमी येत होतं, म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी सुचवली. पोटात दुखणं, वजन घटणं, उलट्या, यातलं काहीच नव्हतं. जठराच्या खालच्या भागात अस्तरावर एक लालसर, किंचित खोलगट चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, “फार काही वाटत नाही, पण तुकडे घेऊन ठेवतो.” त्यांनी तसे ते घेतले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. या टप्प्यावरचा कॅन्सर बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही आणि दिसायलाही फसवा असतो. साधी जठराची सूज म्हणून तो सहज सोडून दिला जाऊ शकतो.

बायोप्सीचा रिपोर्ट आठवडाभरानं मोबाइलवर आला: ‘वेल डिफरन्शिएटेड अ‍ॅडिनोकार्सिनोमा’, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. ती रात्र मी आणि माझ्या मुलीनं जागून काढली. त्या रात्री आम्हाला एक गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं: ‘वेल डिफरन्शिएटेड’ हे शब्द कॅन्सरच्या रिपोर्टमधले दिलासा देणारे शब्द आहेत. पेशी बिघडल्या आहेत, पण त्यांची रचना अजून मूळ ग्रंथींसारखी आहे, असा त्यांचा अर्थ. दुर्बिणीतून काढण्याचा विचार मुख्यतः याच प्रकारात होतो. पेशींची घडी पूर्ण मोडलेल्या प्रकारात निकष जास्त कडक असतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘अर्ली’ म्हणजे नक्की काय ते समजावलं. जठराच्या भिंतीला थर असतात. सगळ्यात आत म्युकोसा, त्याखाली सबम्युकोसा, मग स्नायू. कॅन्सर पहिल्या दोन थरांतच असेल तर त्याला ‘अर्ली’ म्हणायचं, ही व्याख्या जपानी एंडोस्कोपीतज्ज्ञांनी 1962 मध्ये ठरवली. म्हणजे इथे आकारापेक्षा खोली महत्त्वाची. पण दुर्बिणीतून काढायचं तर आणखी एक अट येते: कॅन्सर जठराबाहेरच्या लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) पोचलेला नसण्याची जवळजवळ खात्री हवी. दुर्बीण जठराच्या आतून काम करते, बाहेरच्या ग्रंथी तिला काढता येत नाहीत. ही खात्री कशी देता येते, असं मी विचारलं. डॉक्टरांनी एका अभ्यासाचा दाखला दिला. गोटोदा हे जपानी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये, जपानमध्ये जठराची शस्त्रक्रिया झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या ग्रंथी तपासून निष्कर्ष मांडले होते. वेल डिफरन्शिएटेड, फक्त म्युकोसातला आणि 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असा कॅन्सर असलेल्या 1,230 जणांपैकी एकाच्याही ग्रंथीत तो सापडला नव्हता. हा आकडा ऐकल्यावर मला कित्येक तासांनी नीट श्वास घेता आला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा ईएमआरचं नाव घेतलं. त्यात चट्ट्याखाली सुईनं द्रव सोडून तो भाग फुगवून वर उचलतात आणि तारेच्या फासात धरून विजेच्या साहाय्यानं कापतात. ही पद्धत जपानमध्ये 1984 च्या सुमारास पुढे आली. नंतर दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी लावून, त्यात अस्तर ओढून घेऊन कापायची सुधारणा झाली. काम लवकर होतं, भूलही हलकी पुरते. ऐकूनच मला ते आवडलं. पण डॉक्टरांनी पुढचं वाक्य स्वतःहून सांगितलं: “तुमचा चट्टा साधारण दीड सेंटीमीटरचा वाटतो. फासात तो एकदम मावला नाही तर दोन-तीन तुकड्यांत काढावा लागेल. त्यापेक्षा जिथे ईएसडी नियमित करतात तिथे एकदा दाखवा.” स्वतः करू शकत असलेली प्रक्रिया बाजूला ठेवून पुढे पाठवणारा डॉक्टर भेटणं हे मोठं भाग्य.

दुसऱ्या मतासाठी जाण्याआधीची धावपळ आमच्या कल्पनेपेक्षा जास्त निघाली. नव्या रुग्णालयानं नुसता रिपोर्ट चालणार नाही, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही आणा, असं सांगितलं. ब्लॉक म्हणजे बायोप्सीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ती मेणाची वडी. त्यातून नव्यानं काप घेता येतात, म्हणून स्लाइडपेक्षा तिचं मोल जास्त. ते मिळवायला प्रयोगशाळेत लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि ‘परत आणून देईन’ अशी सही लागली. माझ्याऐवजी मुलगी गेली, तर माझं अधिकारपत्र नाही म्हणून तिला परत पाठवलं. घरातलं दुसरं कोणी जाणार असेल तर ते पत्र आधीच लिहून द्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. एंडोस्कोपीचे फोटोही कागदावर छापलेले न घेता मूळ डिजिटल स्वरूपात मागा. कागदावरच्या बोटभर चित्रात चट्ट्याची कड दिसत नाही, आणि पुढचा सगळा निर्णय त्या कडेवरच असतो.

फेब्रुवारीच्या मध्यात दुसरी एंडोस्कोपी झाली. ही पहिलीपेक्षा बरीच लांबली. आधी फेस आणि चिकटा घालवणारं औषध प्यायला दिलं. मग निळसर-हिरव्या प्रकाशात, चित्र अनेक पटींनी मोठं करून, अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी पाहिली. शेवटी इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारला. खोलगट जागी रंग साचतो आणि कड उठून दिसते. चट्टा आधी वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, दोन सेंटीमीटरच्या थोडा वर. खोलीचा अंदाज मुख्यतः चट्ट्याच्या दिसण्यावरून बांधतात, असं कळलं. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची मदत होते, पण तोही चुकू शकतो. ग्रंथी आणि यकृत पाहण्यासाठी सीटी स्कॅन झाला, त्यात काही आढळलं नाही. ब्लॉक पुन्हा तपासून तिथल्या पॅथॉलॉजिस्टनंही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासणाऱ्या डॉक्टरांनीही, तेच निदान कायम केलं.

मग डॉक्टरांनी आमच्यासमोर एक कोरा कागद घेतला आणि दोन्ही पद्धती काढून दाखवल्या. ईएसडीत फास नसतो. चट्ट्याभोवती निरोगी अस्तर राखून ठिपक्यांची खूण करतात, खाली द्रव सोडतात, खुणांच्या बाहेरून गोल चीर देतात आणि मग सबम्युकोसाच्या थरातून बारीक विद्युत-चाकूनं पूर्ण भाग सोलून काढतात. आकाराचं बंधन फासाचं नाही, हाताच्या कौशल्याचं. टोकाला चिनीमातीचा बारीक गोळा असलेला आयटी नाइफ 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात वापरात आला. त्या गोळ्यामुळे टोक खाली स्नायूत घुसत नाही. ही पद्धत प्रत्यक्षात रुळली ती त्यानंतर.

“दोन्हीत चट्टा निघूनच जातो ना, मग फरक काय?” माझ्या मुलीनं विचारलं. डॉक्टरांचं उत्तर मला आजही शब्दशः आठवतं: “निघाला का, हे मला टेबलावर दिसतं. पूर्ण निघाला का, हे फक्त पॅथॉलॉजिस्ट सांगू शकतो. आणि त्याला ते सांगता यावं म्हणून तुकडा अखंड हवा.” कापडावरचा डाग एका तुकड्यात कापला तर चारी बाजूंना कोरं कापड दिसतं. तोच डाग तीन चिंध्यांत कापला तर कोणती कड खरी बाहेरची आणि कोणती आपणच मध्ये कापलेली, हे कळत नाही. खोलीचंही तसंच. कॅन्सर सबम्युकोसात किती शिरला आहे हे मायक्रोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात, आणि 500 मायक्रोमीटरच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळते किंवा ठरते. तुकडे झालेल्या नमुन्यात हे मोजमाप डळमळीत होतं. माझ्यासाठी प्रश्न तिथेच सुटला.

तरी आकडे मी विचारलेच, कारण जोखीम माझ्या शरीराची होती. अनेक तुलनात्मक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर चट्टा एकसंध निघण्याचं प्रमाण ईएसडीत दहात नऊच्या वर आणि ईएमआरमध्ये साधारण निम्मं. त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ईएसडीनंतर 1 टक्क्याच्या आसपास, ईएमआरनंतर 5 ते 6 टक्के. ही झाली जमेची बाजू. उलट बाजूला, जठराला छिद्र पडण्याचा धोका ईएमआरमध्ये 1 टक्का तर ईएसडीत 4 टक्क्यांच्या आसपास, आणि वेळही सरासरी तासभर जास्त. रक्तस्रावाचा धोका दोन्हीत साधारण सारखा. छिद्र पडलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करतात, पण क्वचित शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ईएमआर वाईट म्हणून हे लिहीत नाही. चट्टा लहान, सेंटीमीटरभराचा आणि वर उठलेला असेल तर तो फासात अखंड येऊ शकतो. मग लांबलेली भूल आणि जास्तीचा धोका कशाला घ्यायचा? माझा चट्टा खोलगट होता आणि दोन सेंटीमीटरच्या वर होता. या दोन्ही गोष्टी ईएसडीकडे बोट दाखवत होत्या. तुमचा रिपोर्ट घेऊन बसाल तेव्हा ‘कोणती पद्धत चांगली’ असं विचारू नका. ‘माझा चट्टा या पद्धतीनं अखंड निघेल का’ असं विचारा. सोबत हेही विचारा: तुम्ही स्वतः जठराच्या किती ईएसडी केल्या आहेत, गरज पडली तर सर्जन त्याच इमारतीत असतील का, आणि नमुना कोण तपासणार. हे प्रश्न विचारताना मला संकोच वाटत होता. डॉक्टरांनी मात्र एकेका प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलं.

विम्याच्या पूर्वमंजुरीनं मात्र जवळजवळ दोन आठवडे खाल्ले. अर्जातल्या यादीत ईएसडी हे नावच नव्हतं. जवळचा पर्याय ‘एंडोस्कोपी व पॉलिप काढणे’ असा होता आणि त्यासाठीची मर्यादा आमच्या अंदाजपत्रकाच्या जवळपासही नव्हती. पहिलं उत्तर ‘ही डे-केअर प्रक्रिया आहे’ असं आलं. शेवटी डॉक्टरांच्या पत्रानं काम झालं. त्यात चार गोष्टी होत्या: बायोप्सीचं निदान, चट्ट्याचा आकार, ईएमआर का पुरणार नाही याचं कारण, आणि याला पर्याय जठराचा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आहे हे वाक्य. शेवटच्या वाक्यानं सगळ्यात जास्त फरक पडला असं मला वाटतं. अंदाजपत्रक घेताना चाकू, सुई, क्लिपा अशा एकदाच वापरायच्या वस्तू, भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी यांचे खर्च वेगवेगळे लिहून मागा. ईएसडीत खर्चाचा मोठा वाटा त्या वस्तूंचाच असतो आणि विम्यात कात्री सहसा तिथेच लागते.

मी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेत होते. ती थांबवायची की चालू ठेवायची हे हृदयाचे डॉक्टर आणि एंडोस्कोपीचे डॉक्टर यांनी आपसात बोलून ठरवलं. रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. लोहाची गोळी मात्र आधीच थांबवायला सांगितली, आणि त्याचं कारण मला फार पटलं: लोहानं शौच काळं होतं, मग आतला रक्तस्राव ओळखायचा कसा?

प्रक्रियेच्या सकाळी संमतीपत्रावर सही करताना ‘आवश्यकता भासल्यास उदरशस्त्रक्रिया’ या ओळीवर माझा हात थांबला. मुलगी म्हणाली, “आई, हे सगळ्यांच्याच कागदावर असतं.” मला ते ठाऊक होतं, तरी तिच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. पूर्ण भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली. त्यामुळे पुढच्या सुमारे दोन तासांचं मला काहीच आठवत नाही. पोट फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो आणि नंतर कळा कमी येतात, हे मला मागाहून कळलं. काम संपल्यावर डॉक्टरांनी बाहेर येऊन मुलीला नमुना दाखवला. अस्तराचा तो अखंड तुकडा पाटीवर ताणून टाचण्यांनी टोचलेला होता. न ताणता तसाच ठेवला तर तो आकसतो आणि कडांचं मोजमाप चुकतं.

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवत होता आणि वरच्या पोटात जळजळ होती, सहन होण्यासारखी. पहिला दिवस तोंडावाटे काही नाही. सलाइन आणि शिरेतून आम्ल कमी करणारं औषध चालू होतं. दुसऱ्या दिवशी पातळ पदार्थ सुरू झाले, मग मऊ आहार. जठरात आता मुद्दाम केलेली मोठी जखम आहे, हे लक्षात ठेवायचं. ती भरायला साधारण आठ आठवडे लागतात आणि तेवढे दिवस आम्लाची गोळी चुकवायची नाही. घरी जाताना एका कागदावर तातडीनं येण्याची लक्षणं लिहून मिळाली: डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, चक्कर, वाढती पोटदुखी, ताप. उशिरा होणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. तो कागद मी दारामागे चिकटवला आणि रुग्णालयाचा रात्रीचा नंबर मुलीच्या फोनमध्ये ठेवला. सुदैवानं गरज पडली नाही, पण त्या काळात लांबचा प्रवास आणि वजन उचलणं टाळलं.

खरा ताण त्यानंतरचा होता. नमुना दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापून प्रत्येक पट्टी तपासतात, त्यामुळे रिपोर्ट बायोप्सीपेक्षा बराच उशिरा येतो. तो हातात येईपर्यंत ‘झालं ना सगळं?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना काय सांगावं ते कळत नव्हतं. कारण तोपर्यंत खरंच काही ठरलेलं नसतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचीही तीच प्रक्रिया त्याच आठवड्यात झाली होती. त्यांच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर सबम्युकोसात खोल शिरलेला निघाला आणि त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. त्या फोनवर खूप रडल्या. मला त्यांना एवढंच सांगता आलं की तुकडा अखंड होता म्हणूनच हे आत्ता, नक्की कळलं. नंतर त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या आता बऱ्या आहेत.

माझा रिपोर्ट मार्चच्या शेवटी आला. कॅन्सर 23 × 17 मिलिमीटर, फक्त म्युकोसात. बाजूच्या आणि तळाच्या कडा मोकळ्या. लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. व्रण नाही. खाली डॉक्टरांनी पेननं लिहिलं होतं, ‘क्युरेटिव्ह’, म्हणजे कॅन्सर पूर्ण निघाला, पुढची शस्त्रक्रिया नको. रिपोर्ट वाचताना याच गोष्टी शोधा: आकार, प्रकार, खोली, दोन्ही कडा, वाहिन्या, व्रण. यातली एखादी लिहिलेली नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्यायला सांगा. विम्याच्या अंतिम दाव्यालाही हाच रिपोर्ट लागला. डिस्चार्जच्या वेळी तो नसतो, म्हणून ‘रिपोर्ट प्रलंबित’ अशी नोंद डिस्चार्जच्या कागदावर करून घेतली होती, ती उपयोगी पडली.

एक काम उरलं होतं. बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला होता. याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1994 मध्येच कॅन्सरकारक ठरवलं आहे. चट्टा निघाला तरी बाकीचं अस्तर तेच राहतं आणि त्यात दुसरीकडे नवा कॅन्सर उगवू शकतो. जठर राखल्याची ही किंमत आहे आणि ती ईएमआर-ईएसडी दोन्हीला सारखीच लागू होते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका चाचणीत, दुर्बिणीतून कॅन्सर काढल्यानंतर जंतूवर उपचार घेतलेल्यांत नव्या कॅन्सरचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं होतं. मी दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण केला. तोंड सतत कडू होतं, मळमळ व्हायची, पण एकही मात्रा सोडली नाही. जंतू गेला का हे पाहणारी श्वासाची चाचणी प्रतिजैविकं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्लाची गोळी किमान दोन आठवडे बंद ठेवून करायची असते. जखम भरण्यासाठी तीच गोळी चालू असते, तेव्हा तारीख डॉक्टरांकडून नीट आखून घ्या. माझी चाचणी जूनमध्ये निगेटिव्ह आली.

सप्टेंबरमधल्या एंडोस्कोपीत जखमेच्या जागी फक्त पांढरट वण दिसला. यापुढे दरवर्षी तपासणी आहे, ती कायमची. धाकट्या भावालाही जंतूची चाचणी आणि एकदा एंडोस्कोपी करून घ्यायला सांगितलं आहे, कारण सख्ख्या नात्यात धोका वाढतो. तो बरेच दिवस टाळत होता. माझा रिपोर्ट समोर ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवल्यावर त्यानं पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे, आणि सोबत मी जाणार आहे.